बरॅक सोडल्यानंतर

मेजर मनोहर कोरडे यांना मी पहिल्यांदा भेटले ती त्यांची एक चूक दाखवायला. ज्या जवानांना परीक्षा देऊन अधिकारी व्हायचं असतं त्यांच्यासाठी सर दर रविवारी स्नेहलतागंजमधल्या आपल्या घरी, वरच्या मजल्यावर वर्ग घेतात. फी घेत नाहीत. महूच्या लष्करी छावणीतून मुलं येतात. माझा मावसभाऊ तेव्हा त्या वर्गात होता आणि त्याला मिळालेल्या गणिताच्या सराव-पेपरात एक उत्तर चुकलेलं होतं. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे. चुकीचा आकडा दिसला की तो तसाच सोडता येत नाही. सरांनी कागद शांतपणे पाहिला. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "आता असं करा, रविवारी येत जा. गणित तुम्हीच बघा." तेव्हापासून मी तिथे शिकवते.

सरांचं यश आपणा सर्वांना ठाऊक आहे. शिपाई म्हणून भरती, फौजी गाड्यांचे इलेक्ट्रिशियन, मग परीक्षा, मग कमिशन, निवृत्तीच्या वेळी मेजर. त्या वाटेत जे मागे राहिलं त्याबद्दल मला सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहायचं आहे. सरांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "लिख दो. बच्चों के काम आएगा."

अभ्यासाच्या दिवसांत बरॅकीत सरांच्या शेजारच्या खाटेवर बलराम चौहान होते, मानपूरचे. सरांना वाचायला वेळ मिळावा म्हणून सरांच्या वाट्याचा पहारा ते स्वतः देत. स्वतःला इंग्रजी येत नसताना सरांकडून शब्द पाठ करून घेत. "मन्या, तू साब बन गया तो भी मैं सलाम नहीं ठोकूँगा, सोच ले," अशी धमकी रोजची होती.

कमिशन मिळाल्यावर लेफ्टनंट कोरडे मिठाई घेऊन थेट जुन्या बरॅकीत गेले, नव्या कोऱ्या वर्दीत. जाऊन बलरामजींच्या खाटेवर बसले. "अरे मन्या!" म्हणत बलरामजींनी त्यांची टोपी काढली आणि स्वतःच्या डोक्यावर चढवली. तेवढ्यात सुभेदार आत आले. सगळी बरॅक सावधानमध्ये उभी राहिली. अधिकाऱ्याशी असं वागल्याबद्दल बलरामजींना शिक्षा झाली. सर तिथेच होते. नव्या अधिकाऱ्याने जुन्या सुभेदारांना सर्वांसमोर अडवावं की नाही हे त्यांचं ठरेना, आणि ठरलं तेव्हा बोलण्यात अर्थ उरला नव्हता. त्या दिवसापासून बलरामजी त्यांना 'साब' म्हणू लागले. 'मन्या' पुन्हा कधीच म्हणाले नाहीत.

प्रत्येक नव्या तुकडीला सर ही हकीकत पहिल्याच दिवशी सांगतात. टोपीपर्यंत मुलं हसतात. निकालानंतर कुणी पेढे घेऊन आलं की सर आधी विचारतात, "तुझी ड्यूटी कोण करत होता?" एकदा एका मुलाने नाव सांगितलं. सर म्हणाले, "तो तू इधर क्या कर रहा है, भिया? पहले उसको खिला. और सिविल कपड़ों में जाना." तो बॉक्स न उघडता परत गेला.

सर फार बोलत नाहीत. माझे वडील गेले तेव्हा मल्हारगंजच्या आमच्या घरी बरेच लोक येऊन बरंच बोलून गेले. सर आले, आईला नमस्कार केला आणि दाराची बंद पडलेली घंटी दुरुस्त करत बसले. "लोक दार बडवतात, वहिनींना दचकायला होतं," एवढंच म्हणाले.

यंदाच्या हिवाळ्यात मी त्यांना गाडीने मानपूरला नेलं. बलरामजींचे गुडघे आता निकामी झाले आहेत. सर दिसताच ते खाटेचा आधार घेत उठले आणि उभे राहिले. त्यांनी बसावं म्हणून सर आधी खुर्चीत बसले.

"बैठ यार, बलराम. अब तो दोनों रिटायर हैं."

"आप बिराजो, साब. मैं ठीक हूँ."

बलरामजींचा मुलगा म्हणाला, "बाबूजी, बैठ जाओ ना."

"तू चुप रह."

शेवटी सर उठले. "ठीक है. तो मैं भी खड़ा हूँ."

बलरामजी हसले. "अब तो बिलकुल नहीं बैठ सकता, साब."

दोघांनीही चहा उभ्यानेच घेतला. बलरामजी एका हाताने खाट धरून होते. सरांनी आपला चहा घाईने संपवला आणि निरोप घेतला.

परतताना सर म्हणाले, "आता नाही यायचं. मी गेलो की त्याला उभं राहावं लागतं."

ते पुन्हा गेलेले नाहीत. रविवारी वर्ग सुटला की फोन करतात. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर चालू ठेवतात, त्यामुळे फळा पुसताना मलाही ऐकू येतं. सर आधी विचारतात, "बैठा है ना?" पलीकडून उत्तर येतं, "बैठा हूँ, साब." मग सर स्वतः खुर्ची ओढून बसतात.

पंच्याहत्तरी पूर्ण करणाऱ्या सरांना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभावं, ही आपणा सर्वांची इच्छा आहे. पण हे मागणं एकट्या सरांसाठी करून भागणार नाही. मानपूरला फोन उचलणाराही हवा.