बिबट्यासाठी भरलेली काडतुसं

बिबट्याला माझ्या नवऱ्यानं मारलेली पहिली गोळी मागच्या पायाला लागली. नेम चांगला होता, काडतूस वाईट होतं. पण हे गावाला सांगून काय उपयोग? लंगडा झालेला बिबट्या आधी शेळ्या न्यायला लागला. मग जळण आणायला गेलेली एक बाई नेली. तिचा भाऊ आमच्या ओट्यावर येऊन उभा राहिला आणि ह्यांना म्हणाला, "अर्धं काम करून घरी बसलात व्हय मालक? उरलेलं आमी कुऱ्हाडीनं करायचं का?"



आमचं गाव पैठणच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी. पोलीस ॲक्शननंतर सगळ्यांच्या बंदुका सरकारजमा झाल्या. सासऱ्यांची रायफल लायसनसह परत मिळाली तेव्हा सासरे उरले नव्हते. रायफल मोठ्या नळीची होती, निजामाच्या काळात वाघासाठी घेतलेली. तिची काडतुसं हैदराबादच्या एका दुकानातून यायची, तीही बंदुका जमा व्हायच्या आधीच बंद झाली होती. घरात उरलं काय, तर रिकाम्या पितळी पुंगळ्या, बंदुकीच्या दारूचे सीलबंद डबे, पुंगळीच्या बुडाला बसवायच्या ठिणगीच्या टोप्या, शिशाच्या गोळ्या आणि अडकित्त्यासारखं दिसणारं एक हत्यार. त्यात पुंगळी धरून दाबली की गोळी तिच्या तोंडात घट्ट बसायची. सासरे शेवटी शेवटी घरीच काडतुसं भरायचे. ह्यांनी त्यांना भरताना लांबून बघितलं होतं. हात लावायची परवानगी नव्हती. त्या लांबून बघण्यावर पहिली काडतुसं भरली आणि बिबट्या लंगडा झाला.

दुसऱ्यांदा मात्र घाई केली नाही. सोनाराचा तराजू आणला, वजनाला गुंजा आणल्या. गुंजा सगळ्या सारख्या दिसतात पण सारख्या नसतात. मी त्या एकमेकींसमोर पारड्यात टाकून निवडल्या, हलक्या-जड बाजूला काढल्या. तराजू मीच धरायची. ह्यांना दम्याची धाप होती, श्वास पारड्यावर पडला की काटा हलायचा. दार लावायचं, चूल विझवायची, कंदील जवळ आणायचा नाही, म्हणून सगळं काम दुपारच्या उजेडात. दारू जास्त पडली तर नळी फुटून तोंडावर येणार आणि कमी पडली तर गोळी पुन्हा पायाला लागणार. दोन्ही मला माहीत होतं, त्यामुळं मोजताना मी बोलायची नाही.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दाराबाहेरून टोमणे मारायच्या. "बाईनं दारू मोजायची अन् बाप्यानं बसून बघायचं. घरात चूल नाय, जेवायला काय गोळ्या वाढतीस का गं?"

"भाकरी टोपल्यात आहेत, आत्याबाई."

"गार भाकरी खायला मी काय मजुरीला आलीय?"

भरलेली काडतुसं घेऊन आम्ही मळ्यामागच्या मातीच्या बांधावर जायचो. बांधावर मी चुन्यानं ठिपका काढायची. हे दगडावर पोतं ठेवून, त्यावर रायफल टेकवून गोळ्या झाडायचे. एक वर, एक खाली, एक भलतीकडं. परत घरी. दारू थोडी कमी केली. पुन्हा बांधावर. मग दारू तीच ठेवून गोळी थोडी आत बसवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ह्यांनी ठरवलं होतं. दोन बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळणार कसं? प्रत्येक बारानंतर ह्यांचा खांदा निळा पडायचा. मी हळद लावायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं करता करता एका दुपारी सगळ्या गोळ्या माझ्या तळहाताखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या. हे बांधाजवळ गेले, भोकांवर बोट फिरवलं आणि तिथंच मातीत बसले. त्याच मापाची काडतुसं भरली. काही देवघराच्या फळीवर ठेवली आणि थोडी मी ओल लागू नये म्हणून ज्वारीच्या कणगीत खुपसली.

मग खंडेनवमी आली. शस्त्रांची पूजा आत्याबाई करायच्या. मी चुलीपाशी पुरणात अडकलेली. रायफलीला हार घातलेला दिसला, विळ्या-कोयत्यांना कुंकू दिसलं. बाकी मी बघितलं नाही.

दसऱ्याच्या दुपारी त्या मेलेल्या बाईचा भाऊ पळत आला. बिबट्या ओढ्यातल्या घाणेरीच्या झुडपांच्या जाळीत शिरला होता, माणसांनी काठावरून जाळी घेरून ठेवली होती. हे उठले. आत्याबाईंनी स्वतः फळीवरची काडतुसं आणून हातावर ठेवली. "पूजेतली ने. यश येईल." हे गेले.

आत्याबाई आनंदात होत्या. ताम्हन घासता घासता म्हणाल्या, "औंदा नुसतं गंध-फूल नाय केलं. काडतुसांना देवासारखं न्हाऊ घातलं. दूध, दही, मध, सगळं. मग आरती होस्तवर पाण्यात ठेवली. काय लखलखीत झाली!"

"पाण्यात ठेवली?"

"व्हय. मग पुसून फळीवर. तुला काय झालं गं?"

 घरी भरलेलं काडतूस कंपनीच्या काडतुसासारखं पक्कं मिटलेलं नसतं. पाण्यात राहिलं तर पाणी टोपीकडून आत जातं, गोळीच्या कडेनं जातं. वरून पुसलं की लखलखीत दिसतं. मी कणगीत हात घातला, ज्वारीतून काडतुसं काढली, पदरात बांधली आणि निघाले. मागून आत्याबाई ओरडत होत्या, "सणाची कुठं चाललीस डोकं उघडं टाकून?"

ओढा लांब नव्हता. काठावर माणसं कुऱ्हाडी घेऊन गप्प उभी होती. तो भाऊ आडवा आला. "वैनी, खाली जाऊ नका. मालक आत उतरलेत."

"बाजूला हो."

"अवो, जनावर जखमी हाय!"

ओरडता येत नव्हतं. ओरडले तर जनावर बाहेर येणार, आणि बाहेर आलं तर ह्यांच्या हातात काय आहे ते मलाच माहीत होतं. मी चप्पल काढून खाली उतरले. हे जाळीसमोर रायफल रोखून उभे होते. मी पाठीमागं गेले तरी वळले नाहीत.

"कोण?"

"मी. काडतूस बदला."

"येड लागलं का तुला? जा वर."

"आत्याबाईंनी ती पाण्यात ठेवली होती. नवमीला. ही कोरडी आहेत."

 रायफल उघडायची म्हणजे खट् आवाज होणार आणि तेवढा वेळ ती रिकामी राहणार. जाळीत गुरगुर सुरू झाली होती. मी कोरडं काडतूस ह्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. ह्यांनी नळीमागचा बोल्ट मागं ओढला. नळीतलं काडतूस उडून वाळूत पडलं. ह्यांचा एक हात बोल्टवर आणि दुसरा नळीखाली होता, म्हणून मीच कोरडं काडतूस नळीत ढकललं. बोल्ट पुढं गेला आणि जाळी फुटली.

बिबट्या लंगडा आहे असं वाटलंच नाही. तीन पायांवर जनावर इतकं जोरात येतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बार झाला. तो छातीवर गोळी घेऊन आमच्या इतक्या जवळ पडला की वाळू माझ्या तोंडावर उडाली.

वरून माणसं ओरडत उतरली. तो भाऊ बिबट्याजवळ बसला, त्याच्या दातांकडं बघत राहिला.  मी वाळूतलं काडतूस उचलून मुठीत धरलं.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "आण ते." आम्ही मळ्यामागं गेलो. ह्यांनी तेच काडतूस रायफलीत घातलं, बांधावर रोखलं आणि चाप ओढला. टक् एवढाच आवाज झाला. ओली दारू कधी उशिरा पेटते, म्हणून हे तसेच रोखून उभे राहिले. मी कानांवर हात ठेवून उभी. काही झालं नाही.

हे हळूच म्हणाले, "आईला सांगू नको. सणाचं मनाला लावून घेईल."

मी घरी गेले आणि सांगितलं. ज्या बाईमुळं मी विधवा होता होता राहिले, तिला ते माहीत नको, हे मला पटलं नाही. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. मग म्हणाल्या, "बघ. देवानंच तुला ऐन वेळेला पाठवलं."

"देवानं नाय पाठवलं," मी म्हणाले. "मी चालत गेले. पुढच्या नवमीला काडतुसांना हात लावायचा नाय."

त्यांनी सूप उचललं आणि पाठ फिरवून बसल्या. त्या दिवशी स्वयंपाक मी एकटीनं केला.