विमान जाऊ दे

ग्रुपवर मेसेज आला, ‘सर गेले.’ खाली लगेच एका मुलाने लिहिलं, ‘नेट गेलं असेल, येतील.’ त्याची काही चूक नव्हती. परब सरांच्या ऑनलाइन क्लासमध्ये हे रोजचंच होतं. शिकवता शिकवता सर स्क्रीनवरून गायब झाले की मुलं चॅटमध्ये लिहायची ‘सर गेले’, आणि थोड्या वेळाने ‘सर आले’. माझी सईसुद्धा त्या संध्याकाळी वही उघडून लॅपटॉपसमोर बसून राहिली. मी तिला चहा नेऊन दिला. मग सरांच्या मिसेसचा फोन आला... हार्टअटॅक, सकाळीच. मी ‘बरं’ म्हटलं. अशा वेळी ‘बरं’ कोण म्हणतं?

ज्या माणसाला आपण कधी भेटलोच नाही, त्याचं दुःख किती करायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही. सरांना मी फक्त छातीपर्यंत पाहिलं होतं. ते उंच होते की ठेंगणे, तेही ठाऊक नव्हतं.

सईने नववीत शाळा सोडली. वर्गात तिने काहीतरी विचारलं, सगळे हसले, बाईही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून ती दप्तर भरायची आणि दारातच बसून राहायची. शेवटी आम्ही तिला घरूनच शिकवायचं ठरवलं. “मुलुंडला एवढ्या शाळा असताना घरी बसवलीस? वाट लागली पोरीची,” नणंदेने तोंडावर सुनावलं. मी तिच्याशी भांडले, पण धास्ती माझ्याही मनात होती. दहावीपर्यंत आम्ही दोघांनी कसंबसं रेटलं. अकरावीचं फिजिक्स मात्र डोक्यावरून जायला लागलं, तेव्हा कुणीतरी परब सरांचं नाव सुचवलं. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी ते विमानतळाजवळ, वाकोल्याच्या आपल्या घरातून क्लास घ्यायचे.

सुरुवातीला सई म्यूटवरच असायची. सर रोज शेवटी विचारायचे, “कोणाला नाही समजलं?” एकदा तिचा आवाज आला, इतका हळू की मी मिक्सर बंद केला. “सर, मला नाही समजलं.” “झकास!” सर म्हणाले, “आता खरा क्लास सुरू झाला बघ.” मला वाटलं, टोमणा मारताहेत. पण त्यांचं ते तसंच होतं. ‘समजलं’ म्हणणाऱ्याला नुसतं ‘हं’, आणि न समजणाऱ्याला झकास.

दुसरी सवय विमानाची. घरावरून विमान जायला लागलं की सरांचं बोलणं त्यात बुडायचं. मग ते हात वर करायचे, “थांबा, विमान जाऊ दे.” आणि सगळा क्लास गप्प... आमच्याकडे विमानाचा पत्ता नसायचा, तरी सई पेन उचलून थांबायची. पुढे पुढे आम्हा नवरा-बायकोचं वाजलं की तीच हात वर करायची, “आई, विमान जाऊ दे.”

शेवटच्या क्लासमध्ये गाडी विमानावरच अडली. सरळ, एकाच वेगाने जाणाऱ्या विमानावरचं एकूण बल शून्य असतं, असं सर म्हणाले. सईने विचारलं, “मग ते पुढे कसं जातं, सर?” “झकास! उद्या सांगतो. तोवर डोकं खाजव.”

तो उद्या आलाच नाही, आणि सईने पुस्तक मिटून ठेवलं. नवा क्लास लावला, तिथे ती पुन्हा म्यूट. “परीक्षेला फिजिक्स नकोच, आई,” म्हणाली. मला दारात दप्तर घेऊन बसलेली सई आठवली आणि भयंकर राग आला. कोणावर, ते कळेना. खरं सांगायचं तर सरांवरसुद्धा आला.

मागच्या रविवारी आम्ही दोघी वाकोल्याला सरांच्या घरी गेलो. स्क्रीनवर दिसायचा तो हिरवा फळा म्हणजे रंगवलेलं कपाटाचं दार निघालं. खडूने काढलेलं विमान अजून त्यावर होतं. “कपडे घ्यायचे तर दार जपून उघडते,” परब वहिनी म्हणाल्या. सर उंच होते का, असं काहीतरी भलतंच मी विचारलं. “दारातून वाकून यायचे,” त्या सांगायला लागल्या आणि तेवढ्यात डोक्यावर विमान आलं. वहिनींचा हात आपोआप वर गेला. आम्ही तिघी गप्प बसलो... विमान गेलं, तरी त्यांना हात खाली घ्यायचं सुचेना.

सई उठून कपाटाजवळ गेली. “काकू, याच्यावर बल शून्य आहे. तरी हे पुढे जातं. कसं?”

“माका काय कळता गो त्यातला!” डोळे पुसत वहिनी म्हणाल्या. “मला नाही समजलं.”

“झकास,” सई म्हणाली, आणि तिने खडू उचलला.

विमानाच्या पुढे एक बाण, मागे एक बाण काढून ती काहीतरी सांगायला लागली. ते बरोबर होतं की चूक, मला कळत नव्हतं. विचारायला सर नव्हते. वहिनी मात्र मन लावून ऐकत होत्या. मध्येच पुढचं विमान आलं. सईने खडूचा हात वर केला, ते जाईपर्यंत थांबली, आणि अडलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू केलं.