सईच्या ताटलीत जेवणारे आजोबा

सई आणि निषाद, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे मला माहीत आहे, तेव्हा तुमचे बाबा वाचून दाखवतील. पुरवणीत छापायला दिलं, कारण जी गोष्ट चारचौघांत चुकीची सांगितली गेली, ती चारचौघांतच दुरुस्त व्हायला हवी. आजोबांना जाऊन दीड महिना झाला. इतक्यात काही लिहायचा माझा विचार नव्हता. पण मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर, सई, तू मला विचारलंस, "आजी, आजोबांना खाणं थांबवता यायचं नाही, म्हणून ते गेले का?" तुझ्या मनात वाईट काही नव्हतं. तुला फक्त जाणून घ्यायचं होतं. मी एवढंच म्हटलं की नाही, आणि याचं उत्तर तुला नीट देईन. अर्धवट उत्तरं द्यायची मला सवय नाही.

तुला हे कुठून कळलं, ते बाबांनी नंतर सांगितलं. इथल्या, सिंगापूरमधल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजोबांचा एक फोटो फिरला. फोटोखाली श्रद्धांजली होती आणि श्रद्धांजलीखाली उपदेश. चीफसारखा उमदा माणूस आपण गमावला, आता आपण तरी शिकू या, पन्नाशीनंतर जिभेला लगाम घालू या... आजोबा जहाजावर चीफ इंजिनियर होते, पुढे सेम्बावांगच्या शिपयार्डमध्ये आले, तरी इथे सगळे त्यांना चीफच म्हणत. तो फोटो असा फिरत फिरत कॅनडात, तुमच्या जेवणाच्या टेबलावर पडलेल्या फोनवर पोचला, आणि अकरा वर्षांच्या मुलीने तो पाहिला. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, हे उपदेश करणाऱ्यांच्या फार सोयीचं असतं.

फोटो खोटा नाही. त्यात आजोबा जाड आहेत, तेही खरं आहे. तुम्ही कॅनडाला गेलात त्याच वर्षीच्या गणपतीतला तो फोटो. जुरोंग ईस्टला कर्णिकांच्या कॉन्डोमध्ये पंगत बसली होती. आजोबांच्या पुढ्यात ताट आहे, ताटात मोदकांचा ढीग आहे आणि आजोबा हसताहेत. पाहणाऱ्याला वाटतं, काय हा माणूस, किती घेतलंय. घेतलेलं नव्हतं, सई, वाढलेलं होतं. फोटो काढायच्या जरा आधी आजोबांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले होते. कर्णिक म्हणाले, "चीफ, हात काढा, नाहीतर तूप हातावर ओतीन. मग चाटावं लागेल." सगळे हसले. आजोबा म्हणाले, "अहो, खरंच पुरे." कर्णिक म्हणाले, "आमच्या घरात 'पुरे' शब्द चालत नाही. वहिनी, हे घरी असेच लाजतात का हो?" आणि हात बाजूला करून त्यांनी मोदक वाढले, त्यांवर तूप पडलं आणि मग कर्णिकांनीच फोन काढून फोटो घेतला. कर्णिक वाईट माणूस नाहीत. शिपिंगमधली त्यांची आणि आजोबांची ओळख तीस वर्षांची. पण पाहुण्याचं 'नाही' म्हणजे लटकं 'हो', असं ते जन्मभर धरून चालले, आणि ते एकटेच तसे नाहीत.

तुम्हाला हे समजायला कठीण जाईल. तुमच्याकडे आई विचारते, आणखी हवं का, तुम्ही नको म्हणता आणि विषय संपतो. आपल्या लोकांत विषय तिथे सुरू होतो. एकीकडे पाहुण्याला आग्रह करकरून वाढायचं, दुसरीकडे पाहुण्याने पानात टाकायचं नाही. हे दोन्ही नियम एकाच घरात, एकाच पंगतीत पाळले जातात आणि दोन्हींच्या मध्ये एक माणूस अडकलेला असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरा नियम आजोबांच्या हाडात होता. त्यांच्या लहानपणी घरात भावंडं खूप आणि भात मोजका. पानात शीत राहिलं तर त्यांची आई काही बोलत नसे, नुसतं त्या शिताकडे पाहत असे. असा माणूस वाढलेलं टाकणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच वाढत.

त्याच दिवाळीनंतर पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी झाली. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, गुडघे कुरकुरत होते. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. वजन उतरलं नाही तर पुढे काय काय होतं, ते त्यांनी न घाबरवता सांगितलं. बाहेर पडल्यावर आम्ही समोरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, बसलो. आजोबा नेहमीची दाट, गोड कॉफी मागायला गेले आणि बिनसाखरेची घेऊन आले. इथे तिला 'कोसोंग' म्हणतात, म्हणजे शून्य. एक घोट घेऊन त्यांनी तोंड इतकं वाकडं केलं की मला हसू आलं. म्हणाले, "हसू नकोस. सवय होईल." कॉफीवाल्या चिनी म्हाताऱ्याने दोन-चार दिवसांत ते ध्यानात ठेवलं. आजोबा दिसले की तो लांबूनच ओरडायचा, "अंकल, कोसोंग लाह?" एक चमचा तरी घ्या, आमच्यासाठी घ्या, असं तो कधी म्हणाला नाही. मागितलं ते दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याचं आजोबांवर प्रेम नव्हतं म्हणून असेल, असं आपले लोक म्हणतील.

घरचं खाणं बदलणं सोपं नव्हतं, पण जमलं. लिटल इंडियातून ज्वारीचं पीठ यायला लागलं. रात्रीचा भात सुटला. तो सुटला तेव्हा घरात आठवडाभर कुणी गेल्यासारखी शांतता होती, कारण वरणभात हे आजोबांचं खरं प्रेम. जेवण दिवे लागायच्या सुमारास उरकून आम्ही सेम्बावांग पार्कच्या जेट्टीपर्यंत चालत जायचो. पलीकडे मलेशियातल्या जोहोरचे दिवे लागताना बघायचे आणि परत यायचं. डुरियन या उग्र वासाच्या फळाच्या दिवसांत मात्र आजोबा एकदा रस्त्याकडेच्या टेबलाशी हाताला प्लॅस्टिकची पिशवी चढवून बसत आणि मनसोक्त खात. "हे मी स्वतः घेतलंय," असं मला बजावून सांगत. मी राग राखून ठेवला होता तो दुसऱ्यांच्या घरच्या जेवणांसाठी. कारण घरी आठ दिवसांत जे सावरायचं, ते एका पंगतीत मोडायचं. जायचं नाही म्हटलं तर माणसं तुटतात. परक्या गावात आपली म्हणावी अशी माणसं किती असतात?

आता ताटलीची गोष्ट. सई, तुझं उष्टावण इथेच, आमच्या फ्लॅटमध्ये झालं. पहिला भात भरवायला आजोबांनी पुण्याहून एक स्टीलची छोटी ताटली आणली होती आणि भांड्यांच्या दुकानात बसून तिच्यावर तुझं नाव घालून घेतलं होतं. चि. सई, ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. तुम्ही कॅनडाला निघालात तेव्हा सामानाच्या गडबडीत ती मागे राहिली. कॉफी बदलल्यानंतरच्या कुठल्याशा दिवशी आजोबांनी ती फडताळातून काढली, पुसली आणि मला म्हणाले, "मला यात वाढ." मी म्हटलं, "अहो, यात काय मावणार?" ते म्हणाले, "जेवढं मावेल तेवढं." तेव्हापासून ते घरी त्याच ताटलीत जेवले. दोन भाकरी एकावेळी तिच्यात बसत नाहीत. एक ठेवली की भाजी आणि आमटीची वाटी एवढीच जागा उरते. दुसऱ्यांदा घ्यायचं तर उठून मागावं लागतं, आणि मागताना माणूस विचार करतो.

गुढीपाडव्याला कर्णिकांकडे श्रीखंडपुरी होती. निघताना पाहते तर आजोबांनी ताटली कापडी पिशवीत घातलेली. मला संकोच वाटला. ते म्हणाले, "जहाजावर प्रत्येकाचा मग वेगळा असतो. कुणी लाजत नाही." कर्णिकांकडे सगळ्यांची मोठी ताटं मांडलेली, त्यात आजोबांनी आपली ताटली ठेवली. एकच हशा पिकला.

कर्णिक म्हणाले, "काय चीफ, आज उष्टावण कुणाचं?"

"माझंच," आजोबा म्हणाले. "नव्याने शिकतोय जेवायला."

त्यांनी ते इतक्या गोडीने म्हटलं की दुसरा कुणी तिथेच थांबला असता. कर्णिक श्रीखंडाचं पातेलं घेऊन आले आणि त्यांनी ताटलीत डाव रिकामा केला, मग दुसरा. पुरी दिसेनाशी झाली, तुझं नावसुद्धा दिसेनासं झालं. "आता कळलं? ताटली लहान असली तरी आमचा डाव मोठा आहे." आजोबा शांतपणे उठले, ती ताटली दोन्ही हातांनी उचलून कर्णिकांच्या पानाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "मी टाकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही वाढलंत, तुम्ही संपवा."

"अहो चीफ, उष्टं?"

"अजून बोट लावलेलं नाही."

कर्णिकांना ते खावं लागलं. आजोबांनी ताटली धुऊन आणली आणि तिच्यात दोन पुऱ्या आणि चमचाभर श्रीखंड स्वतः वाढून घेतलं. त्यानंतर त्यांच्या ताटलीत कुणी हात घातला नाही. पण पाठीमागे बोलणं सुरू झालं. चीफना आता आपलं जेवण चालत नाही, चीफ बिघडले. काही ठिकाणची आमंत्रणं कमी झाली. आजोबा कधी चिडले नाहीत. मी मात्र प्रत्येक वेळी घरी येऊन भांडी आपटली.

ते पुढे सगळी वर्षं असेच जेवले. वजन हळूहळू उतरलं, इतकं हळू की रोज पाहणाऱ्याला कळू नये. पँटी शिंप्याकडे जाऊन बारीक होऊन आल्या. अंगठी ढिली झाली, तिला आतून दोरा गुंडाळला. सिंगापूरच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या वर्षी आमच्या ब्लॉकमधल्या सगळ्यांनी लाल टी-शर्ट घेतले, तेव्हा आजोबांना मीडियम बसला आणि ते आरशासमोरून हलेनात. साखर ताब्यात आली ती राहिली. याचा फोटो कुणी काढला नाही. भरलेल्या ताटाचा फोटो निघतो, अर्ध्या भरलेल्याचा नाही.

आणि मग त्यांना डास चावला. हे मी मुद्दाम असं साधं लिहिते आहे, कारण झालं ते एवढंच. या पावसाळी दिवसांत आमच्या भागात डेंग्यूचे रुग्ण होते, खाली सूचना लागलेल्या होत्या. आम्ही कुंड्यांखालच्या बश्या रोज पालथ्या करत होतो. तरी ताप आला. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये नेलं, प्लेटलेट उतरत गेल्या, रक्तस्राव झाला... आठवडा पुरा झाला नाही. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला बसवून सांगितलं, तुम्ही दोघांनी त्यांची प्रकृती फार चांगली राखली होती, पण या वयात हा ताप कधी कधी ऐकत नाही. हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. त्याचा मेसेज करून कुणी ग्रुपवर टाकला नाही.

तेराव्याला तुमचे बाबा इथेच होते. जेवण मागवलेलं होतं, जिलबीसुद्धा. कर्णिक पान पुढ्यात घेऊन शेजाऱ्याला सांगत होते, "चीफने आधीपासून जिभेवर ताबा ठेवला असता ना..." मी ते ऐकलं. मी म्हटलं, "कर्णिक, त्यांना डेंग्यू झाला होता." ते म्हणाले, "हो वहिनी, पण मुळात शरीर पोखरलेलं असलं की..." तेवढ्यात त्यांच्या पत्नी, सुनंदाताई, जिलबी घेऊन आल्या. मी ताटावर हात आडवा धरला. "घ्या हो, सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या," असं म्हणत त्यांनी माझ्या हाताच्या कडेने जिलबी ताटात सरकवलीच. त्यांचे डोळे भरलेले होते, हेही मी पाहिलं. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, ताटली घेऊन आले आणि त्यात वरणभात वाढून घेतला. माझं आधीचं ताट जिलबीसकट तुमच्या बाबांनी संपवलं.

सई, तुझ्या प्रश्नानंतर मी कर्णिकांना फोन केला. म्हटलं, तो फोटो काढून टाका. ते म्हणाले, "वहिनी, भावना चांगली होती. आणि आता जुना मेसेज सगळ्यांच्या फोनमधून जात नाही हो."

मी विचारलं, "फोटोतलं ताट कुणी वाढलं होतं?"

ते मग म्हणाले, "चीफ जेवले नाहीत की मला वाटायचं, माझ्यावर रागावले." मला त्यांची दया आली आणि तरीही राग गेला नाही. मी म्हटलं, मग ग्रुपवर हेच लिहा. त्यांनी अजून लिहिलेलं नाही, म्हणून हे मी लिहिलं. माणूस गेला की लोकांना त्याची चूक लागते. चूक सापडली की मरण त्याचं एकट्याचं होतं आणि आपण सुटलो, असं वाटतं. डासाला उपदेश करता येत नाही, म्हणून तो आजोबांना केला.

तेव्हा तुला कुणी विचारलं, निषादला विचारलं, तर सांगा, आमचे आजोबा जेवढं मावेल तेवढंच जेवायचे. ताटली माझ्याकडे आहे, मी तिच्यात जेवते. रोजच्या घासण्याने काठ पातळ झाला आहे. सई, ती तुझीच आहे, मागशील तेव्हा पाठवीन. नाव अजून वाचता येतं.