वाकलेल्या आजीची उंची

ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात म्हाताऱ्या माणसांच्या तपासणीचं शिबिर होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच नर्स झाले होते आणि उंची मोजायचं काम माझ्याकडे होतं. उंचीच्या मानाने ज्याचं वजन फार कमी, त्याला डाळ, शेंगदाणे आणि गूळ मिळायचा.

शाळेच्या अंगणाला उतार होता, म्हणून मी टेप आत, दाराच्या चौकटीला ठोकली. चपला काढायला लावायची, बायकांना अंबाडा सोडायला सांगायची, टाचा टेकल्यात का ते खाली बसून बघायची. डॉक्टर वैतागले. एवढं बारीक कशाला, रांग वाढतेय, म्हणाले. मी ऐकलं नाही.

दुपारी एक आजी आली, तलावावर मासे धरणाऱ्या घरातली. पाठीला असा बाक, की चालताना तिला नुसती जमीन दिसायची. चौकटीला उभी केली तर डोकं शाळकरी पोरीएवढ्या उंचीवर आलं. डॉक्टरांनी तक्ता पाहिला. या उंचीला वजन ठीक आहे, पुढच्याला घ्या, म्हणाले.

आजी जागची हलली नाही. "मी येवढी बुटकी नाई, साहेब. माहा नवरा उंचीनं माह्या कानाले लागे. ह्या पाठीनं मले खाली आणलं."

ज्याला सरळ उभं राहता येत नाही त्याची उंची हातावरून काढतात, हे आम्हाला शिकवलं होतं. पाठ वाकते, हाताची हाडं तेवढीच राहतात. आजीचा उजवा खांदा आखडलेला होता. मी तिला बसवलं, डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ धरला, गळ्याच्या खळगीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजलं आणि दुप्पट केलं. उंची वीतभर वाढली. त्या उंचीला आजीचं वजन फारच कमी होतं.

डॉक्टरांना ही रीत ठाऊक होती. त्यांची अडचण वेगळी होती. वाटायचं सामान थोडं आलं होतं. "असं मोजलं तर निम्मं गाव यात बसेल," ते हळूच म्हणाले.

"मग निम्मं गाव उपाशी आहे, साहेब."

ते म्हणाले, वर तक्रार करीन. करा, म्हटलं. सकाळी परत पाठवलेल्या वाकलेल्या माणसांना मी घरून बोलावून घेतलं. आजीनं मिळालेली डाळ-गुळाची पिशवी काखेत मारली आणि रांगेतल्या बायांना बजावलं, "हात लांब करून बसा गं, आखडू नोका."

संध्याकाळच्या आत सामान संपलं. डॉक्टरांना वडशाहून आणखी मागवावं लागलं आणि कुरकुरत का होईना, त्यांनी ते मागवलं. तक्रारही केलीच. माझी बदली भामरागडकडे झाली. तिथेही मी वाकलेल्यांना आधी बसवायची, मग हात मोजायची. पावसाळ्यात रस्ते बंद झाले, तेव्हा तर मला अडवायला तिथे कोणी येऊही शकत नव्हतं.