लोहकरेनगरातला राब

झुंबरआत्या बांधावर पाय ठेवण्याआधी चपला काढायची. खाचराच्या कडेला कुणी गाडी लावली, की तिच्या काचेवर चिखलाचं बोट ओढायची. बशीत ओतलेला चहा विसरून जायची. रिक्षावाल्यानं 'लोहकरेनगरात कुणाकडं?' असं विचारलं, की भडकायची.

"लोहकऱ्याकडंच! आनखी कुनाकडं?"

तिचे सासरे कुशाबा तळेघरहून उतरून जुन्नरबाहेर आले, तेव्हा इथं ओढा होता आणि करवंदाच्या जाळ्या. पहिलं घर त्यांचं. मग प्लॉट पडले, बंगले आले, इमारती आल्या. कमान उभी राहिली आणि तिच्यावर लोहकऱ्यांचं नाव चढलं. जमिनीपैकी उरलं ते दोन इमारतींमधलं एक खाचर. आत्या तिथं दरसाल भात लावायची. मी समोरच राहते. तिच्या बांधावर बसूनच मी एमएचा अभ्यास केला.

भाताच्या रोपासाठी आधी राब भाजावा लागतो. शेण, पालापाचोळा, गवत, वर माती असे थर रचायचे आणि पेटवायचे. धूर होतो. यंदा त्या धुराला सोसायटीनं हरकत घेतली.

अध्यक्ष कल्पेशभाई वाईट माणूस नाही. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे. "आत्या, रविवारी नको. सगळ्यांचे कपडे वाळत असतात," ते म्हणाले. आत्या थांबली. मग कुणाकडं बारसं निघालं. मग कुणाच्या तरी भिंतीचा रंग ओला होता. आत्या थांबत राहिली आणि दिवसेंदिवस चिडत गेली.

"आई, रोप इकत आनू की," तिचा मुलगा दादाभाऊ म्हणाला.

"इकतच्या रोपाला घरचं भात म्हनत्यात व्हय रं?"

शेवटी तिनं कुणाला विचारलं नाही. भल्या सकाळी थर रचले. वरची माती तेवढी राहिली होती. तेवढ्यात कल्पेशभाईंच्या आजी, धापूबाई, मऊ केरसुणी घेऊन आल्या.

"झुंबरबाई, आत मुंग्या आहेत."

"मंग त्यांना सांगा, सोसायटीला अर्ज करा."

धापूबाई हसल्या नाहीत. गवत हलकेच उचलून त्या मुंग्या बाजूला सारू लागल्या.

"दरसाल माज्या नव्या भाताची पेज पिता. तवा न्हाई आठवल्या मुंग्या?"

"पेज गोड लागते, म्हणून तर आले. यांना काढते, मग पेटवा."

सगळ्या सोसायटीवर ओरडणारी आत्या या बाईपुढं थांबली. कमरेवर हात ठेवून बघत राहिली. धापूबाई वाकून वाकून थकल्या, तरी मुंग्या संपेनात. शेवटी आत्यानंच त्यांच्या हातातली केरसुणी घेतली आणि स्वतः मुंग्या झाडू लागली. तोंडानं शिव्या चालूच.

"उद्या पेटवनार. उद्या देव आडवा आला तरी थांबायची न्हाई," घरी जाताना ती मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती राबावर माती टाकत होती. मी खिडकीतून पाहत होते. मातीची भरलेली पाटी तिनं बांधावर टेकवली आणि दम खायला खाली बसली. मला वाटलं, नेहमीसारखी बसली. मी चहा ठेवायला आत गेले. परत आले, तेव्हा ती आडवी झाली होती.

तिच्या दहाव्याला कल्पेशभाईंचे डोळे खरंच भरले होते. "कमानीजवळ आत्यांच्या नावाचा बाक ठेवू," ते म्हणाले. माझ्या मनात आलं, नाव कशाला? नाव तर कमानीवर होतंच, पत्त्यात होतं, विजेच्या बिलावर होतं. तिनं एका सकाळचा धूर मागितला होता.

दादाभाऊ काडेपेटी घेऊन खाचरात गेला. राबाभोवती एक फेरी मारली. "वाऱ्याकडनं लावायचा का वाऱ्यासमोरनं, गं?" त्यानं मला विचारलं. मला माहीत नव्हतं. काडेपेटी खिशात घालून तो परत फिरला.

राब तसाच आहे. एका कोपऱ्यावर माती पडायची राहिली आहे. त्या कोपऱ्याची माती पाटीत आहे, आणि पाटी बांधावर.