दोन्ही हातांची वंदना

माणूस गळ्याने बोलतो, असं मी इंजिनिअर होईपर्यंत धरून चालले होते. विद्यापीठाच्या जैववैद्यकीय अभियांत्रिकी विभागात संशोधनाला लागले, तेव्हा सरांनी टॉर्चएवढी एक नळी माझ्या गळ्याला लावली आणि श्वास रोखून नुसते ओठ आणि जीभ हलवायला सांगितलं. नळी गुणगुणली आणि माझ्या तोंडातून स्पष्ट शब्द बाहेर पडले. गळा नुसता सूर देतो, शब्द तोंडात घडतात, हे मी वाचलं होतं. पण स्वतःच्या तोंडात घडताना ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. इतकी वर्षं हे तोंड घेऊन भांडत फिरत होते आणि त्याची करामत मला ठाऊक नव्हती.

हा विषय मी उगाच निवडला नव्हता. आमचं घर नेरळजवळ पोशीरला. घशाच्या कॅन्सरमुळे माझ्या बाचं स्वरयंत्र डॉक्टरांनी काढून टाकलं होतं. जीव वाचला, पण श्वास गळ्याच्या भोकातून आणि आवाज कायमचा बंद. धम्मदीक्षेनंतर आमच्या वाडीत वंदना सगळ्यांत आधी पाठ केली ती बाने. तेव्हापासून वाडीतल्या प्रत्येक लग्नात त्रिसरण-पंचशील तोच सांगायचा, आणि सगळे त्याच्या मागून, त्याच्याच सुरात म्हणायचे. आता माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. स्वतःच्या पोरीच्या लग्नात बाने मुक्याने मागे बसायचं, हे मला सहन होत नव्हतं. त्याला तर त्याहून नाही.

सरांच्या नळीसारखं परदेशी यंत्र आमच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून विभागात आम्ही इथे मिळणाऱ्या सुट्या भागांतून तसंच एक बनवत होतो. आत पातळ पडदा, त्याला थरथरवणारी चकती, सेल, आणि अंगठ्याखाली एक बटण. दाबलं की सूर, सोडलं की शांत. सरांना त्या सपाट सुराची भारी चीड. माणूस कधी एका सुरात बोलतो का, असं म्हणून ते वैतागायचे. सुरात चढउतार आणायला आम्ही जंग जंग पछाडलं, पण जमलं नाही. लग्न जवळ आलं तेव्हा सपाट तर सपाट म्हणत सरांनी ते चाचणीसाठी माझ्या हाती दिलं.

घरच्या ओट्यावर बाच्या गळ्यावरची नेमकी जागा शोधण्यात माझी सकाळ गेली. जागा जरा चुकली की नुसता भुंगा. मग एकाएकी ती सापडली, आणि बा आईकडे बघून म्हणाला, "चा ठेव गं."

ऑपरेशनपासून तो आईला टाळी वाजवून बोलवायचा. तिने चहा ठेवला, साखर घालायला मात्र विसरली. श्वासाशिवाय 'ह' नीट उमटत नाही. पण आमच्याकडे तसंही आमी-तुमीच चालतं, त्यामुळे कुणाचं फारसं अडलं नाही. मी त्या पत्र्याच्या नळीकडे बघतच राहिले. तिचा एकेक स्क्रू मी आवळला होता, तरी आतून माझा बा बोलेल यावर माझा विश्वास बसत नव्हता.

पुढे लग्नापर्यंत बा ओट्यावर बसून वंदनेचा सराव करायचा. आता रेडिओवाले तुला पळवून नेतील, असं मी त्याला चिडवायचे.

लग्नाच्या दिवशी बुद्धमूर्तीपुढे नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत उभी राहिली. बाने बटण दाबलं, मूर्तीकडे पाहिलं आणि जन्मभराच्या सवयीने त्याचे दोन्ही हात जोडले गेले. यंत्र त्याच्या तळव्यांमध्ये अडकून गुणगुणत राहिलं. ओठ हलत होते, शब्द नव्हते.

विभागात आम्ही सगळे टेबलाशी बसून, एका हाताने यंत्र धरून बोलून बघत होतो. कुणाला दोन्ही हात जोडून बोलायचं असेल, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. ओट्यावर सराव करताना बाच्याही नाही.

बाने यंत्र पुन्हा गळ्याला लावलं आणि माझ्याकडे वळला. "येका हातानं वंदना व्हायची नाय," तो म्हणाला. "दुसऱ्या कुनाला सांग."

मला संताप आला. यंत्राचा आला, आणि मान खाली घालून उभ्या राहिलेल्या पाव्हण्यांचाही. मी पुढे गेले आणि त्याच्या हातातून यंत्र काढून घेतलं. "तू हात जोड, बा," म्हटलं, आणि ते त्याच्या गळ्यावर नेमक्या जागी टेकवलं.

आता बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. कुठली ओळ कुठे सुरू होते, कुठे थांबते, हे लहानपणी त्याच्याच मागे म्हणून मला पाठ झालेलं. पहिली ओळ निघाली, सपाट, खरखरीत. मी अंगठा उचलला.

मग सगळ्यांनी ती ओळ म्हटली. म्हाताऱ्यांनी, बायांनी, पोराटोरांनी, नवरीनेसुद्धा. आणि म्हटली ती आमच्या यंत्राच्या त्याच सपाट, एकाच सुरात. कुणी ठरवलं नव्हतं. बाच्या मागून म्हणायचं ते बाच्याच सुरात, एवढंच त्यांना माहीत होतं.

मला रडू फुटलं. दुसरा हात मोकळा होता, पण डोळे पुसायचं भान राहिलं नाही. बाने पुढच्या ओळीसाठी ओठ उघडले होते, आणि मी बटण दाबलं.