टिटवीची हजेरी

टिटवी ओरडली की मामा हात वर करून म्हणायचे, "हाजिर!"

हातात घंटेचा हातोडा असो की चहाचा ट्रे, दुसरा हात वर जायचाच. निलंग्याजवळच्या आमच्या शाळेचे ते शिपाई. असे मामा तुम्हीही पाहिले असतील, पण गळ्यात जुनी दुर्बीण अडकवून घंटा देणारे बहुधा नसतील. एकदा तपासणीला साहेब आले असताना टिटवी ओरडली आणि मामांनी "हाजिर" म्हटलं. साहेब म्हणाले, "लागली तुमची हजेरी. आता चहा आणा."

लोक टिटवीला अपशकुनी म्हणतात, असं मी एकदा बोललो.

"काही न्हाई ओ सर. ती हजेरी घ्यायलीय. ओ दिली की जाती निघून."

"आणि नाही दिली तर?"

"मग शोधत फिरती."

शाळा सुटल्यावर ते मला तळ्यावर न्यायचे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या गाळात लोक टरबुजं लावायचे. त्याच गाळातून आम्ही पक्ष्यांमागं फिरायचो. मामांचा नियम एकच, हाक मारायची नाही. "एका हाकेनं शंभर जीव उडतेत, सर."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची मंडळी कोकणात निघालो. मामांनी समुद्र पाहिला नव्हता. जीपमध्ये जागा होती, म्हणून त्यांना आणि मामींना मीच आग्रह करून नेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं खाडीच्या बांधावर गेलो. पाणी उतरलं होतं. दूर चिखलाच्या उंचवट्यावर लांब वाकड्या चोचीचे पक्षी बसले होते. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. एकही हलत नव्हता. मामांनी चपला काढून माझ्याजवळ ठेवल्या.

"पाणी आलं तर?" मी विचारलं.

"उतरलेलं पाणी मिरगाच्या पावसाआधी माघारी येतंय का, सर?"

मी मान डोलावली. मी भूगोल शिकवतो. भरती-ओहोटीचा धडा दरवर्षी फळ्यावर चंद्र काढून शिकवतो. पण त्या घटकेला माझ्या डोळ्यांपुढं आमचं तळंच होतं.

मी बांधावरच बसलो. मामा चिखलातून उंचवट्यापाशी पोचले तेव्हा त्यांच्यामागं, त्यांच्या आणि बांधाच्या मधे, मला पाण्याची एक चकाकती रेघ दिसली. ना लाट, ना आवाज. रेघ रुंद होत गेली. आता धडा आठवला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पक्षी उडतील, मामा रागावतील. वळतील की आत्ता, बघतील. असा मी किती वेळ बसलो, ते आजही सांगता येत नाही. मग पक्षी आपणहून उडाले, सगळे एकदम. त्यांच्या पंखांखाली मामांचा वर केलेला हात दिसला. मी धावत जाऊन होडीवाल्यांना घेऊन आलो, तोवर तिथं नुसतं पाणी होतं.

"मी खूप हाका मारल्या," असं मी सगळ्यांना सांगितलं. एकही मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मामा सापडले. दुर्बीण गळ्यातच होती.

आता रोज प्रार्थनेच्या वेळी टिटवी मैदानावर येते. ओरडते. थांबते. पुन्हा ओरडते. मुलं आभाळाकडं पाहत नाहीत, माझ्याकडं पाहतात.

परवा, खरं काय ते सांगायचंच, असं ठरवून मामींकडं गेलो. मी बोलण्याआधी त्याच म्हणाल्या, "तुम्ही हाका मारल्या, त्याचाच लई आधार हाय बघा, सर. शेवटाला कुणीतरी बोलवत होतं त्यांना."

मी मान डोलावली.

बाहेर टिटवी ओरडली. मामी दाराकडं बघत राहिल्या. "अजून शोधायलीच हाय. तुम्ही तरी ओ द्या की, सर."

मी हात वर केला. "हाजिर" काही म्हणता आलं नाही. टिटवी थोडी जवळ आली आणि पुन्हा ओरडली.